मुलाला सॉकर खेळायचा आहे म्हणून लहान कॉलेज निवडावं का? (अमेरिका, डिव्हिजन ३)

रानजाई | १४ मार्च

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे. सहा वर्षांचा असल्यापासून सॉकर खेळतोय, गेली चार वर्षं क्लबच्या संघात डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू आहे. दर शनिवार-रविवार कधी व्हर्जिनिया, कधी मॅसॅच्युसेट्स, आणि गाडीच्या डिकीला बारा महिने ओल्या मोज्यांचा वास. ज्यांच्या घरी हे चालतं त्यांना वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न कॉलेजचा आहे. न्यू इंग्लंडमधल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजच्या (म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंत सगळे विषय शिकवणारं लहान कॉलेज) कोचने दोनदा येऊन त्याचा खेळ पाहिला. फोनवर नीट बोलला आणि उन्हाळ्यात 'प्री-रीड' करू म्हणाला. कॉलेज दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांचं, डिव्हिजन ३ मधलं (कॉलेजच्या खेळांचे तीन गट असतात, त्यातला तिसरा), म्हणजे खेळाची स्कॉलरशिप शून्य. दुसरीकडे रट्गर्स. आमच्या राज्याचं विद्यापीठ, खर्च निम्म्याहून कमी, कॉम्प्युटर सायन्स चांगलं. पण तिथला संघ डिव्हिजन १, बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या लीगमधला. त्या संघात आपली वर्णी लागणार नाही हे त्याचं त्यालाच माहीत आहे.

नवऱ्याचं म्हणणं, खेळ कॉलेजच्या क्लबातही खेळता येतो, त्यासाठी कॉलेज बदलू नये. मला तसं वाटत नाही. मी या मुलाला बघते ना. सीझन चालू असला की तो रात्री साडेनऊला अभ्यास संपवून झोपतो. सीझन संपला की तेच काम रात्री एकपर्यंत रेंगाळतं. सासरे पुण्याहून रोज विचारतात, "त्या कॉलेजचं नाव तरी कुणी ऐकलंय का?"

कुणाची मुलं अशा कॉलेजात खेळली असतील तर कृपया लिहा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

टेकडीवरची | १४ मार्च

वाचते आहे. आमची दहावीत आहे, पुढच्या वर्षी आम्हीही याच रांगेत.

गोली_एक_नंबर | १४ मार्च

रानजाई, आधी थोडी आकडेवारी देतो, कारण आपल्याकडे 'डिव्हिजन ३ म्हणजे तिसऱ्या दर्जाचं' असा समज घट्ट आहे.

डिव्हिजन १ मध्ये मुलांचे सॉकर संघ साधारण दोनशेच आहेत. टेक्सस, अलाबामा, फ्लोरिडा, जॉर्जिया या मोठ्या विद्यापीठांत मुलांचा अधिकृत सॉकर संघच नाही. अमेरिकन फुटबॉलच्या संघात शंभरेक मुलं असतात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलामुलींना खेळात समान संधी द्यावी लागते, तेव्हा मुलांचे बाकीचे संघ आखडते घेतले जातात. त्या दोनशे संघांत जगभरातून विशी ओलांडलेले, युरोपातल्या अकादम्यांत तयार झालेले खेळाडू येतात. शिवाय २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे, त्यामुळे कोचला हायस्कूलच्या मुलापेक्षा दोन वर्षं कॉलेज खेळलेला तयार गडी मिळतो. स्कॉलरशिपचं म्हणाल तर २०२४-२५ पर्यंत एका संघाला जास्तीत जास्त ९.९ मिळायच्या, त्या पंचवीस-तीस जणांत वाटायच्या. 'फुल राइड', म्हणजे पूर्ण खर्चाची स्कॉलरशिप, फार थोड्यांच्या नशिबी.

डिव्हिजन ३ मध्ये मुलांचे सॉकर संघ चारशेहून जास्त आहेत. एमआयटी, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, टफ्ट्स, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स हे सगळे तिथेच. टफ्ट्सने २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत चार वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलंय. हे संघ हौशी म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. तुमच्या सासऱ्यांना ही यादी वाचून दाखवा.

पेठेतला_पाय | १५ मार्च

पहिल्यांदा एक सांगतो, त्या खेळाचं नाव फुटबॉल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघत मोठा झालेला माणूस 'सॉकर' म्हणणार नाही, आणि वीस वर्षं शिकागोत काढली तरी म्हणणार नाही. :)

आता मुद्द्याचं. गोलीभाऊंना अनुमोदन. आमच्या इथल्या शिकागो विद्यापीठाच्या संघाने २०२२ साली डिव्हिजन ३ चं अजिंक्यपद जिंकलं, अख्खा सीझन एकही मॅच न हरता. कोच होत्या ज्युलिअ‍ॅन सिच. पुरुषांच्या संघाला एनसीएएचं (कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना) सॉकर अजिंक्यपद मिळवून देणारी पहिली बाई. मी त्या वर्षी घरच्या तीन मॅच पाहिल्या. तिकीट नाही, धक्काबुक्की नाही. जाळीला टेकून उभं राहायचं, बॅकने सेंटरला दिलेली शिवीसुद्धा ऐकू येते. बॉल जमिनीवर ठेवून खेळणारी पोरं. आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली असती.

हिशेबनीस | १५ मार्च

मी रानजाईंच्या यजमानांच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे खेळाच्या प्रेमात दिसताहेत.

खाजगी लिबरल आर्ट्स कॉलेजचा राहण्याजेवणासकट खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात गेलाय. रट्गर्सला राज्यातल्या मुलाला सगळं मिळून पस्तीस-चाळीस हजार. चार वर्षांचा फरक दोन लाख डॉलर. न्यू इंग्लंडमधल्या त्या गटातली कॉलेजं (अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, मिडलबरी, बोडन वगैरे) मदत देतात ती घरची गरज बघून, गुणवत्तेवर नाही. दोघंही नोकरी करत असाल, घरावरचं कर्ज फिटत आलं असेल, तर तुमच्या वाट्याला फार काही येणार नाही. आधी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' (मदत वजा जाता तुम्हाला किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा) असतो तो भरा. कायद्याने ठेवावाच लागतो. अर्ध्या तासाचं काम आहे. तो आकडा समोर आल्याशिवाय कोचशी पुढचं बोलूच नका.

कारण प्री-रीडनंतर कोच म्हणणार 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करा. तो बंधनकारक असतो. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात उत्तर, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे. दुसरीकडे कुठे कमी पैशात जमतंय का, हे बघायची संधीच राहत नाही.

रानजाई | १५ मार्च

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "हा माणूस कोण आहे? त्याला जेवायला बोलाव," म्हणाला. :)

कॅल्क्युलेटर भरते. प्री-रीड म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगेल का? कोच भरभर बोलला आणि विचारायला मला संकोच वाटला.

गोली_एक_नंबर | १५ मार्च

संकोच करू नका, कोच लोकांना सवय असते. अकरावीचे मार्क हातात आले की जुलैपासून कोच मुलाचे मार्क, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि बारावीत घेणार असलेले विषय कॉलेजच्या प्रवेश कचेरीला दाखवतो. ते बघून 'चालेल', 'कठीण आहे' किंवा 'नाही' असं सांगतात. 'चालेल' म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. त्यानंतर कोचने स्वतःहून म्हणावं लागतं की माझा पाठिंबा याला आहे. असा पूर्ण पाठिंबा त्याला मोजक्याच मुलांना देता येतो. म्हणून थेट विचारायचं, "तुमच्या यादीत हा कितवा? डाव्या बॅकच्या जागेसाठी आणखी किती जणांशी बोलताय?" चांगला कोच खरं सांगतो. जो हसून विषय बदलतो, त्याच्याकडे तुमच्या मुलासाठी जागा नाही असं समजा.

आणि उन्हाळ्यात 'आयडी कॅम्प'ची (कोच खेळाडू हेरतात ती शिबिरं) मेल येतील, मुलाचं नाव घालून. ती हजारोंना जातात. आधी कोचने खेळ पाहिला नसेल तर त्या कॅम्पची चारपाचशे डॉलर फी भरू नका.

डावखुरीची_आई | १७ मार्च

दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

आमचा थोरला सहा वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात खेळायला गेला. नाव घेत नाही. कोच गोड बोलायचा. "तू आल्यावर मधल्या फळीचं चित्रच बदलेल," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. गुणवत्तेची स्कॉलरशिपही बरी मिळाली. आम्ही खूश.

ऑगस्टात पोहोचवायला गेलो तेव्हा मैदानावर ४४ मुलं होती. चव्वेचाळीस! त्यातली १७ पहिल्या वर्षाची. खेळतात अकरा. बाकीच्यांसाठी एक दुय्यम संघ, त्याच्या सीझनभरात पाच मॅच. माझ्या मुलाने सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत मुख्य संघात एकूण चौदा मिनिटं खेळ केला. एका मॅचला आम्ही साडेतीन तास गाडी चालवून गेलो आणि तो सामान उचलणाऱ्यांत होता. जाळीपलीकडून त्याने हात केला तो मला अजून दिसतो. वसंतात त्याने संघ सोडला आणि मग त्या गावात त्याला राहवेना. दुसऱ्या वर्षी कॉलेज बदललं.

राग त्याच्या न खेळण्याचा नव्हता. खेळात ते होतंच. राग याचा, की हे सगळं आधी दिसत होतं आणि आम्ही बघितलं नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर संघाची दरवर्षीची यादी असते. मी नंतर एका रात्री बसून चार वर्षांच्या याद्या वहीत उतरवल्या. पहिल्या वर्षी १६ मुलं, तीच मुलं चौथ्या वर्षी ५. त्याच्या आदल्या वर्षी १५ ची ४. दरवर्षी तेच. त्या कॉलेजला खेळाडू नको होते, फी भरणारे विद्यार्थी हवे होते. संघ ही प्रवेशाची गळ होती.

रानजाई, आज रात्रीच त्या कॉलेजच्या याद्या काढा. पहिल्या वर्षीची किती, त्यातली चौथ्या वर्षी किती उरली, एवढंच मोजा. आणि डाव्या बॅकला पुढल्या वर्षी कोण आहे, तो कोणत्या वर्षात आहे, हे बघा.

टेकडीवरची | १७ मार्च

डावखुरीची आई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आता मुलगा कसा आहे?

डावखुरीची_आई | १७ मार्च

छान आहे हो. नोकरी करतो, रविवारी मित्रांबरोबर खेळतो. धाकटी डावखुरी, ती सध्या घरात बॉल मारून दिवे फोडते.

हिशेबनीस | १७ मार्च

याला जोडून. लहान कॉलेजची आर्थिक तब्येतही बघा. २०२४ मध्ये बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज बंद झालं. त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन ३ च्या अंतिम स्पर्धेत ओहायोत खेळत होता आणि ३१ मे ला, स्पर्धा चालू असतानाच, कॉलेजला कायमचं कुलूप लागलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी आणि न्यू यॉर्कमधलं वेल्सही गेलं. कॉलेजचा ठेव-निधी किती, विद्यार्थिसंख्या दहा वर्षांत वाढली की घटली, हे दोन आकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रानजाईंचं कॉलेज त्या न्यू इंग्लंड गटातलं असेल तर ही चिंता नाही. बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

सह्याद्री_ते_सिअ‍ॅटल | १८ मार्च

थोडी वेगळी बाजू. दोन हजारांच्या कॉलेजात जवळजवळ एक तृतीयांश मुलं कुठल्या ना कुठल्या संघात असतात. जेवणाच्या हॉलमध्ये संघांची टेबलं ठरलेली. आपलं मूल संघात असलं तर त्याला पहिल्या दिवशी अठ्ठावीस भाऊ मिळतात हे खरं, पण त्या अठ्ठाविसांच्या बाहेर ते कुणाला ओळखत नाही असंही होतं. माझ्या पुतण्याचं झालं. वसतिगृह, जेवण, पार्टी, सगळं त्याच मुलांबरोबर. गाव एवढंसं, जवळचं वाणसामान चाळीस मैलांवर. रट्गर्सला चार पावलांवर डोसा मिळतो, गणपतीही बसतो. हे किरकोळ वाटतं पण फेब्रुवारीत किरकोळ नसतं.

हिवाळी_बूट | १८ मार्च

इथे बहुतेक पालक दिसताहेत. मी स्वतः खेळलेला आहे, मेनमधल्या एका लहान कॉलेजात, तीन वर्षांपूर्वी पदवी घेतली. माझं मराठी लिहिताना अडखळतं, सांभाळून घ्या. आई शुद्धलेखन तपासतेय.

सह्याद्री काका म्हणतात ते खरं आहे. मला टीमबाहेरचे मित्र मिळाले ते दुसऱ्या वर्षी, आणि ते अपघाताने. सप्टेंबरात प्रॅक्टिसमध्ये एकटाच वळलो, कुणी धक्काही दिला नव्हता, आणि गुडघ्यात कट् असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन, नऊ महिने बाहेर. त्या काळात मी मातीची भांडी करायचा वर्ग घेतला कारण तो बसून करता येत होता. माझे आजचे दोन जवळचे मित्र त्या वर्गातले.

पैशाचं एक सांगतो. माझी मदत गरजेवर होती, खेळावर नव्हती. डिव्हिजन ३ मध्ये मदत ठरवताना खेळ विचारात घेताच येत नाही. म्हणून गुडघा गेला तेव्हा एक डॉलरही कमी झाला नाही. डिव्हिजन १ मधल्या माझ्या क्लबच्या मित्राची स्कॉलरशिप वर्षावर्षाने नवी व्हायची, तो दुखापत लपवून खेळायचा. मला कोचला "दुखतंय" म्हणायची भीती कधी वाटली नाही.

लॅबचं मात्र नक्की विचारा. प्रॅक्टिस साडेचारला, केमिस्ट्रीची लॅब एक ते पाच. माझा कोच मंगळवारी म्हणायचा, "लॅब संपवून ये, आल्यावर वॉर्म-अप एकटा कर." सगळे कोच असं म्हणत नाहीत. कॉम्प्युटर सायन्सला लॅब कमी, पण प्रोजेक्ट रात्री बसमध्ये करावे लागतात. ऑक्टोबरात कनेटिकटहून परत येताना पाच तासांची बस असायची. सगळे दिवे बंद, आणि अंधारात आठ-दहा लॅपटॉप उघडे. कुणी बोलायचं नाही. पुढच्या सीटवर कोच सँडविचचे उरलेले अर्धे तुकडे मागे पाठवायचा. मला कॉलेज म्हटलं की तीच बस आठवते.

खेळलो किती म्हणाल तर पहिल्या वर्षी सहा मॅचमध्ये थोडा थोडा, दुसऱ्या वर्षी शून्य, शेवटची दोन वर्षं सगळ्या. पहिल्या वर्षी आम्ही आठ होतो, शेवटी सात उरलो. डावखुरीच्या आईंचा नियम माझ्या टीमला लावून बघितला. चालतो.

पेठेतला_पाय | १८ मार्च

बूटराव, शुद्धलेखनाला दहापैकी दहा. आईंना नमस्कार.

नदीकाठ_पुणे | २० मार्च

धाग्याला थोडा फाटा फोडतो. भाचा पुण्यात खेळतो, राज्याकडून खेळलाय, बारावीला ९१ टक्के. इथला एक एजंट चार लाख मागतोय, "अमेरिकेत फुटबॉलवर फुकट शिक्षण" म्हणून. खरं असतं का?

गोली_एक_नंबर | २० मार्च

चार लाख देऊ नका. कोचला मेल भाच्याने स्वतः लिहायची असते आणि ती फुकट असते. चार मिनिटांचा व्हिडिओ, सुरुवातीला त्याच्यावर बाण, पहिल्या तीस सेकंदांत सगळ्यात चांगलं काम, मागे गाणं नको. त्याबरोबर एका पूर्ण मॅचची लिंक, कारण कोचला बॉल पायात नसताना तो काय करतो ते बघायचं असतं.

'फुकट'चं म्हणाल तर डिव्हिजन २ आणि एनएआयएच्या (लहान कॉलेजांची वेगळी क्रीडा संघटना) कॉलेजांत परदेशी मुलांना खेळावर पैसे मिळतात, पण बहुतेकांना अर्धेमुर्धे. अभ्यासात फारच चांगला असेल तर डिव्हिजन ३ मधली एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही परदेशी मुलांनाही घरची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि मग गरजेइतकी मदत करतात. प्रवेश मिळणं महाकठीण, हे उघड आहे. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलाने किती मदत मागितली त्यावरही प्रवेश ठरतो. आणखी एक, भाच्याने कुठल्या क्लबाशी पैशाचा करार केला असेल तर आधी कॉलेजला लेखी विचारून घ्या. त्यावरून पात्रता अडते.

नदीकाठ_पुणे | २० मार्च

खूप आभार. बहिणीला फोन लावतो आत्ताच.

रानजाई | १९ एप्रिल

महिन्याने येतेय, माफ करा. तुमच्या प्रश्नांची यादी घेऊन आम्ही गेल्या आठवड्यात कॉलेज बघून आलो.

आधी याद्या. डावखुरीची आई, त्याच रात्री काढल्या. ९ ची ७, ८ ची ६, १० ची ७. संघ २९ जणांचा. सध्याचा डावा बॅक तिसऱ्या वर्षात, म्हणजे आमचा गेला तर तो सुटलेला असेल. पण मागे पहिल्या वर्षाचा एक आहेच. मुलगा रात्री त्याच पहिल्या वर्षाच्या मुलाच्या खोलीत राहिला. कोचने मुद्दाम तिथे ठेवलं. मला हे आवडलं. ज्याच्याशी जागेसाठी चुरस लागणार, त्याच्याच खोलीत. सकाळी दोघं एकत्र नाश्त्याला आले, त्या मुलाने सांगितलं, "मी या वर्षी अकरा मिनिटं खेळलो." आमच्या मुलाने विचारलं, मग राहिलास का? तो म्हणाला, दर गुरुवारी प्रॅक्टिसनंतर चौथ्या वर्षाचा कॅप्टन अर्धा तास थांबून त्याच्याबरोबर क्रॉस मारतो.

मी कोचला यादीत कितवा ते विचारलं. हात थरथरत होते, पण विचारलं. "बॅकमध्ये दुसरा. पहिला मुलगा कुठे जातो ते ऑगस्टात कळेल. तो इथे आला तरी मी तुमच्या मुलाला पाठिंबा देईन, पण पहिली दोन वर्षं तो फारसा खेळणार नाही, हे त्याला आत्ताच कळलेलं बरं." नवरा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता, तो वळून बसला.

पैशाचा आकडा हिशेबनीस म्हणाले त्याहून बरा आला, कारण धाकटी त्याच काळात कॉलेजात असणार आणि त्या कॉलेजच्या कॅल्क्युलेटरने ते धरलं. रट्गर्सपेक्षा तरी वर्षाला सोळा हजार जास्त. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे. गेल्या रविवारी नवऱ्याने वहीत दोन रकाने आखले आणि तीन तास मुलाबरोबर बसला. कर्ज किती, कॅम्पसवरच्या कामाचे किती, उन्हाळ्यातले किती. मी आत गेले नाही. प्री-रीड करायचं ठरलंय, जुलैत. 'नाही' आलं तर रट्गर्स, आणि मुलगा ते मनापासून म्हणतोय.

येताना मॅसॅच्युसेट्सच्या टर्नपाइकवर थांबलो होतो. मुलगा गाडीला टेकून सँडविच खात होता. मी विचारलं, दोन वर्षं बाकावर बसशील? म्हणाला, "आई, तिथे बाकावर बसलेली मुलं मॅच बघत होती. आमच्या क्लबात फोन बघतात."

हिशेबनीस | १९ एप्रिल

सोळा हजार म्हणजे चार वर्षांचे चौसष्ट. धाकटी कॉलेजात जाईपर्यंत मदत कमी असते, तेवढं वहीत धरायला सांगा. बाकी कोच आवडला मला. आणि जेवायला कधी येऊ?

रानजाई | २० एप्रिल

धरलंय, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला वेगळा आकडा. जेवायला रविवारी या, पुरणपोळी करते.

पेठेतला_पाय | २० एप्रिल

सप्टेंबरात पोराच्या हायस्कूलच्या मॅच असतील ना? वेळापत्रक इथे टाका. माझी बहीण एडिसनला राहते, तिच्याकडे येणारच आहे. डाव्या बाजूला जाळीला टेकून उभा राहीन.